रानच्या हातचा मार

"तुझा हात तिच्या गालाजवळ जातो आणि थांबतो," मुराई म्हणाला. "मला थांबलेला हात नकोय. मार."

मी पुन्हा हात उगारला. समोर रान भिंतीला टेकून उभी होती. अंगात जांभळा किमोनो, चेहऱ्यावर पांढरा लेप, आणि त्या लेपातून दोन डोळे माझ्याकडं लागलेले. कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली. मी हात फिरवला आणि तो तिच्या गालापासून चार बोटांवर आपोआप मंदावला. रान ठरल्याप्रमाणं मान झटकून खाली पडली. पडली छान. पण माझा हात लागला नव्हता हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मुराईनं काळा चष्मा काढून डोळे चोळले. सकाळपासून हेच चाललं होतं. त्यानं मला विचारलं, तुझ्या देशात माणसं एकमेकांना मारत नाहीत का? मी म्हणालो, मारतात की. पण मी पैलवान आहे. आम्ही पाडतो, मारत नाही. आमच्या तालमीत जोडीदारावर हात उगारणाऱ्याला वस्ताद मातीतून उचलून बाहेर फेकायचे. माझ्या मोडक्या जपानीत हे ऐकून कॅमेरा धरणारा म्हातारा ओकुबो हसला. मुराई हसला नाही. त्यानं दिवे बंद करायला सांगितले.

रान उठली, गुडघ्यावरची धूळ झटकली आणि माझ्याकडं न बघता मुराईशी हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली. बराच वेळ बोलली. मुराई आधी नाही नाही म्हणत होता, शेवटी त्यानं मान डोलावली. ते बोलणं कशाबद्दल होतं हे मला आठ दिवसांनी कळलं.

ही अडुसष्ट सालातली गोष्ट. मी हिंदुराव चौगुले, तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. कोल्हापुरात ज्या कारखान्यात मी होतो तिथं शेतीच्या पाण्याची ऑइल इंजिनं व्हायची. ओतकाम सुधारावं म्हणून मालकांनी मला वर्षभरासाठी जपानला पाठवलं. टोकियोच्या वेशीवर कावागुची म्हणून गाव आहे, सगळं फौंड्र्यांचं. आठवडाभर मी तिथं भट्टीपुढं लोखंडाच्या रसाशी झुंजायचो आणि रविवारी आगगाडीनं शिंजुकूला जायचो. कारखान्यात माझं नाव ऐकून सगळे मला हिंदु-सानच म्हणत. नाव आणि धर्म एकच, सोपं पडत असावं.

शिंजुकूच्या मागच्या बाजूला एक अरुंद गल्ली होती. तिथल्या एका दारातून जिना खाली तळघरात उतरायचा आणि तळघरात बार होता. तिथं येणारे सगळे पुरुष, दारू ओतणारेही पुरुष, पण त्यातले बरेचसे बायकांच्या वेशात. गल्ल्यावर पन्नाशीचा एक गृहस्थ रेशमी किमोनो नेसून बसायचा आणि सगळे त्याला मामा म्हणायचे. जपानीत बारच्या मालकिणीला मामा म्हणतात. मला ते ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी परमुलखात कुणीतरी मामा भेटला म्हणून मला बरंच वाटलं होतं. त्या जिन्यावरून आपण चुकून खाली आलो, असं मी मामाला सांगितलं. मामा म्हणाला, इथं सगळे पहिल्यांदा चुकूनच येतात.

रान तिथंच काम करायची. जन्माचं नाव वेगळं होतं, पुरुषाचं. ते ती कुणाला सांगत नसे आणि मीही सांगणार नाही. जपानीत रान म्हणजे एक महागडं फूल. मी तिला सांगितलं, आमच्याकडं रान म्हणजे शेतशिवार, माळ, जिथं कुंपण नसतं ती जागा. तिला हा अर्थ फार आवडला. त्या दिवसापासून ती माझ्या टेबलावर बसू लागली.

मुराई हा पूर्वी बातमीपटांत काम केलेला, पस्तिशीचा, काटकुळा माणूस. या तळघरातल्या लोकांवर तो सिनेमा काढत होता. आम्ही कोल्हापूरची माणसं, सिनेमा कसा काढतात हे बघत वाढलेली. पण मुराईचं काम मला शेवटपर्यंत उमगलं नाही. त्याला सलग गोष्ट नव्हती. तो माणसं शेवया खाताना दहा मिनिटं चित्रित करायचा. मग तेच उलटं फिरवायचा, म्हणजे शेवया तोंडातून वाडग्यात जायच्या. मध्येच खेळ थांबवून तो एकेकाला कॅमेऱ्यापुढं बसवायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "तू कोण आहेस?" मामानं त्याला तासभर उत्तर दिलं होतं. मला विचारलं तेव्हा, "मी कोणी नाही, पाहुणा आहे," असं म्हणून मी उठून गेलो. माझी मान आणि दंड बघून त्यानं मला एका परदेशी खलाशाचं काम दिलं. खलाशी रानवर प्रेम करतो आणि तिला मारतो, एवढंच ते काम. ते मला जमत नव्हतं.

पुढच्या रविवारी चित्रीकरण नदीकाठी होतं. विटांच्या एका बंद पडलेल्या भट्टीमागं मोकळं मैदान होतं. थंडीचे दिवस. गवतावरचं दव दुपार झाली तरी सावलीत पांढरं होतं. मला बोलावलं नव्हतं, तरी मी गेलो. मला बघून रानच्या कपाळाला आठी पडली. ती जवळ आली आणि म्हणाली, "आज तू फक्त बघायचं. काहीही झालं तरी मध्ये यायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हणालो. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी रंग नव्हता. अंगात साधा बाईचा पांढरा सुती झंपर आणि घोळदार झगा.

थोड्या वेळानं इवाकी आला. हा त्या गल्लीतला गुंड. दर आठवड्याला बारमधून हप्ता न्यायचा. मी त्याला जिन्यावर दोनदा बघितलं होतं. रुंद, आखूड मानेचा, दात किडलेला. त्याच्याबरोबर आणखी दोघं. मुराईनं त्यांना कुठं उभं राहायचं ते दाखवलं. इवाकी हसत होता, सिनेमात काम मिळालं म्हणून केसांना तेल लावून आला होता. मी ओकुबोच्या मागं एका दगडावर बसलो. मला वाटलं, माझ्या हातानं जमलं नाही म्हणून ह्यांना आणलंय. हे बरे नट असतील.

कॅमेरा सुरू झाला. इवाकीनं रानच्या कानशिलात मारली.

तो आवाज ऐकताच मी उभा राहिलो. खोट्या मारण्याला असा आवाज नसतो. रान भेलकांडली, पण हात वर केले नाहीत. दुसऱ्यानं तिला केसाला धरून पुढं ओढलं. तिचे स्वतःचे लांब केस होते, टोप नव्हता. तिसऱ्यानं पोटात गुडघा घातला. ती दुमडली आणि गवतावर पडली. मग तिघं बुटांनी मारायला लागले. तोंडानं शिव्या चालू. त्या शिव्या मुराईनं लिहून दिलेल्या नव्हत्या. इवाकीचं हसू कधीच गेलं होतं. तो कॅमेराही विसरला होता. माणूस रोजचं काम करतो तसा तो करत होता.

मी मुराईकडं बघितलं. तो हलला नाही. ओकुबोचा कॅमेरा चालूच होता. मी मनाशी म्हणालो, कबूल केलंय, कबूल केलंय. इवाकीनं एक पाय मागं घेतला आणि तिच्या बरगडीत लाथ घातली. ओल्या काटकीसारखा काहीतरी मोडल्याचा आवाज आला. रानच्या तोंडून हूं का चूं नाही.

मग मी कबूल केलेलं विसरलो.

पहिल्याचा मी मागून पट काढला. माणसाचे दोन्ही पाय गुडघ्यामागून कवेत घेऊन खेचले की तो तोंडावरच जातो. तो विटांच्या तुकड्यांवर गेला आणि त्याचं नाक फुटलं. दुसरा माझ्या पाठीवर चढला. त्याला ढाकेवर घेऊन डोक्यावरून टाकला. पाठीवर पडला तो उठलाच नाही, नुसता श्वासासाठी तोंड उघडत राहिला. इवाकी वळला. त्याच्या हातात आखूड सुरा आला होता. तालमीत सुऱ्यावर डाव शिकवत नाहीत. मी डावा हात पुढं केला आणि सुरा मनगटापासून कोपरापर्यंत उतरला. दुखलं नाही, नुसतं गरम वाटलं. मी त्याच हातानं त्याचं मनगट धरलं, खांद्याखाली शिरलो, त्याला मातीवर आणला आणि पाठीवर सवारी भरली. त्याचा हात मागं वळवत नेला. कुस्तीत इथं पंच थांबवतात. तिथं पंच नव्हता. कोपर सुटल्याचं मला माझ्या हाडात जाणवलं. इवाकी डुकरासारखा ओरडला.

मी उठलो आणि मुराईकडं गेलो. कॅमेरा आता माझ्याकडं वळला होता. मी मुराईची गळपट्टी धरून त्याला जमिनीवरून उचललं. त्याचा काळा चष्मा पडला. डोळे अगदी लहान आणि भ्यालेले होते. मी विचारलं, माणूस मरायची वाट बघत होतास काय?

"सोड त्याला!"

रान उठून बसली होती. एक हात बरगडीवर दाबून, रांगत, मग उभी राहून ती माझ्यापर्यंत आली. ओठ फाटला होता, एक डोळा मिटत चालला होता. तिनं माझ्या छातीवर दोन्ही हातांनी ढकललं.

"कुणी बोलावलं होतं तुला?" ती म्हणाली. "माझं होतं ते. माझं. तू नासवलंस."

मामाच्या खोलीत आम्हा दोघांना नेलं. मामानं किमोनोच्या बाह्या वर बांधून आधी माझा हात शिवला. युद्धात तो लष्करी दवाखान्यात होता, हे मला त्या दिवशी समजलं. मग त्यानं रानच्या छातीला पट्टे आवळले. मी भिंतीला टेकून बसलो होतो. माझा राग उतरला नव्हता. मी म्हणालो, त्या मुराईनं तुला विकलं.

रान म्हणाली, "मुराई नकोच म्हणत होता. मीच सांगितलं त्याला, इवाकीला आण म्हणून."

मला वाटलं माझी जपानी कमी पडतेय. तिनं पुन्हा सांगितलं, हळू, लहान मुलाला सांगावं तसं. दोन हिवाळ्यांपूर्वी ह्याच इवाकीनं, ह्याच दोघांना घेऊन, तिला बारच्या मागच्या बोळात असंच मारलं होतं. कारण काही नव्हतं. तो दारू प्यालेला होता आणि ती समोर आली. तीन बरगड्या मोडल्या. ती चौकीवर गेली. पोलिसानं तिचे कागद मागितले, कागदावरचं पुरुषाचं नाव मोठ्यानं वाचलं, तिच्या झग्याकडं बघितलं आणि शेजारच्या पोलिसाला हाक मारून तेच नाव पुन्हा वाचून दाखवलं. मग विचारलं, कुणी बघितलं का? साक्षीदार कोण?

"कुणी बघितलं नव्हतं," रान म्हणाली. "त्याच्या आधी गावात माझा बाप मारायचा, तेव्हाही नाही. शाळेत मास्तर मारायचे, तेव्हा सगळा वर्ग खाली बघायचा. मुराईच्या सिनेमात सगळं आहे. मी नटते, मी गाते, मी हसते. लोक तेवढंच बघून जातील आणि म्हणतील, काय मजेची माणसं आहेत. म्हणून मी म्हटलं, हेही बघा. खोटं नको. ज्यांनी मारलं त्यांनीच मारायचं आणि त्यांचीच तोंडं पडद्यावर यायची. आज पहिल्यांदा माझ्याकडं साक्षीदार होता. आणि तू मध्ये येऊन त्याची कुस्ती केलीस."

मामा पट्टा आवळत होता.

दोन दिवसांनी इवाकीची माणसं मुराईच्या खोलीवर गेली. एका परदेशी माणसानं इवाकीला मातीत घातला हे पडद्यावर येणार, याची त्यांना लाज होती. त्यांनी मुराईची उजव्या हाताची बोटं दारात धरून दार लावलं आणि मग नदीकाठच्या फिल्मचा डबा मागितला. मुराईनं दिला. त्यांनी तो त्याच्यासमोर अंगणात जाळला. ओकुबोला मारलं नाही, फक्त त्याचा एक जुना कॅमेरा दगडावर आपटला. एवढ्यावर हिशेब मिटला असं मामामार्फत कळवण्यात आलं.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे तळघरात बसलो होतो. मुराईचा हात प्लास्टरमध्ये होता. तो म्हणाला, तो प्रसंग आता होणार नाही. त्याशिवायच सिनेमा जोडू. रान म्हणाली, मग माझं जेवढं चित्रण आहे तेवढं सगळं काढून टाका. मुराईनं तिची समजूत घातली, तिनं ऐकलं नाही. मग ती माझ्याकडं वळली.

"तू नासवलंस, तू दे. आता तू मारशील मला. खरं."

"नाही," मी म्हणालो.

"मग चालता हो."

मी चालता झालो नाही. मी बसून राहिलो. तिच्या सुजलेल्या डोळ्याकडं बघत होतो. तिला मार दाखवायचा होता. मार खाणारी तीच कशाला पाहिजे, असं एकाएकी माझ्या मनात आलं. मी अंगातला शर्ट काढला आणि गंजिफ्रॉकवर भिंतीपाशी, मुराईच्या दिव्यांच्या पांढऱ्या उजेडात जाऊन उभा राहिलो.

"तू मार," मी तिला म्हणालो. "ज्यांनी ज्यांनी मारलं त्या सगळ्यांच्या वाटचं मला मार. माझं अंग मोठं आहे, बसेल त्यात. मी हात वर करणार नाही."

रान माझ्याकडं बघत राहिली. मामा उठून उभा राहिला. मुराईनं ओकुबोकडं बघून होकाराची मान हलवली. कॅमेरा सुरू झाला.

रान लगेच पुढं आली नाही. ती कॅमेऱ्याच्या मागं उभी राहिली आणि मुराई सगळ्यांना विचारायचा तोच प्रश्न तिनं मला विचारला. "आधी सांग, तू कोण आहेस? कोण आहेस ते ठाऊक नसलेल्या माणसाला मी मारणार नाही."

उत्तर माझ्याजवळ होतं. ते सांगायला माझ्याजवळ जपानी शब्द नव्हते. मी मराठीत बोललो. तालमीतल्या पोरांशी बोलावं तसं, सरळ. खोलीत कुणालाही एक अक्षर कळलं नाही. पण बोलून झाल्यावर मामानं तोंडावर हात ठेवला आणि रान पुढं आली.

पहिला फटका हलका होता. दुसरा नाही. तिचा हात बघायला नाजूक, पण ती कोळ्यांच्या घरातली होती, लहानपणी जाळी ओढलेली. तिनं थपडा मारल्या, मग मुठी. माझा ओठ दातांवर फाटला. ती मारता मारता नावं घेत होती. बापाचं नाव. मास्तरांचं. त्या पोलिसाचं नाव तिला ठाऊक नव्हतं, पण त्याच्या बिल्ल्याचा आकडा तिच्या लक्षात होता, तोच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिची भाषा बदलली, गावाकडची झाली, आवाज खाली उतरला, जाड झाला. बरगडीच्या कळेनं ती मध्येच वाकायची आणि पुन्हा सरळ व्हायची. मग तिनं पायातली लाकडी खडाव काढली.

मुराई म्हणाला, "बस. कॅमेरा थांबव."

"चालू ठेव," मी म्हणालो.

खडाव डाव्या कानावर बसली तेव्हा डोक्यात मोठी घंटा वाजली आणि त्या बाजूचं जग बंद झालं. मानेवरून रक्त उतरून गंजिफ्रॉक भिजला. माझे हात मांड्यांपाशी होते आणि ते तिथंच ठेवायला मला सगळी ताकद लागत होती. आडदांड पैलवान अंगावर घेतानासुद्धा मला एवढी ताकद लागली नव्हती. मी गुडघ्यावर आलो. तिनं पुन्हा हात उचलला. तो वरच राहिला. खडाव गळून पडली. मग ती माझ्यासमोर खाली बसली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि रडायला लागली. नुसतं रडणं नव्हतं ते, पोटातून ओकारी यावी तसं काहीतरी होतं.

ओकुबोचा कॅमेरा बराच वेळ घरघरत होता. फिल्म संपली तेव्हा तो आपोआप थांबला.

मामानं मला शिवलं. तिच्या उजव्या हाताची दोन हाडं मोडली होती, तीही बांधली. आम्ही एकाच गादीवर आडवे होतो. मी तिला विचारलं, मी काय बोललो ते समजलं का तुला? ती म्हणाली, शब्द नाहीत समजले. एवढं म्हणून ती माझा न फुटलेला कान धरून झोपी गेली.

त्यानंतर तीन महिने मी तिथं होतो. ते महिने माझे आहेत, त्यांच्याबद्दल मी लिहिणार नाही. मुदत संपली. मी राहतो म्हणालो. ती म्हणाली, इथं तुला फौंड्रीत कुणी ठेवणार नाही आणि तू तळघरात जगणारा माणूस नाहीस, वर्षभरात वाळशील. त्यावर आम्ही खूप भांडलो. मी परत आलो. कोल्हापुरात माझ्या कानाबद्दल मला कुणी विचारलं नाही. पैलवानाचा कान फुटलेला असणं हे आमच्याकडं भूषण आहे. लग्नाचं विचारून विचारून घरचे थकले. थोरल्या भावाच्या संसारात मी राहिलो, त्याच्या मुलीला खांद्यावर घेऊन वाढवली, कारखाना सांभाळला.

चौऱ्याण्णव साली यंत्रांच्या प्रदर्शनासाठी मी पुण्याला गेलो होतो. भावाची मुलगी, मृदुला, तेव्हा पुण्यात शिकत होती आणि कसल्याशा फिल्म सोसायटीची सभासद होती. रविवारी सकाळी ती मला घ्यायला आली. म्हणाली, काका, जपानी पिक्चर आहे, तुम्हाला जुनी आठवण होईल. मी निवांत होतो, गेलो.

खेळाआधी एका प्राध्यापकांनी माहिती सांगितली. मुराईचं नाव ऐकलं तेव्हा मी खुर्चीचे दोन्ही हात धरले. ते म्हणाले, हा प्रयोगशील चित्रपट त्या काळी फारसा कुणी बघितला नाही, आता जगभर नावाजला जातोय. रानचं काम करणारा कलाकार आज टोकियोत एक लहानसा बार चालवतो. म्हणजे ती आहे. म्हणजे ती आता मामा आहे. मग ते म्हणाले, एका प्रसंगात एक परदेशी नट काहीतरी बोलतो, तिथं खाली इंग्रजी भाषांतर येणार नाही. दिग्दर्शकानं ते दिलेलं नाही. परदेशी समीक्षकांच्या मते ती बनावट भाषा आहे, मुद्दाम केलेली अर्थहीन बडबड.

अंधार झाला. शेवया वाडग्यात परत गेल्या, लोक हसले. मामा बोलला. रान गायली. मी तिच्याकडं बघत राहिलो आणि पुढं काय येणार ते ठाऊक असूनही उठलो नाही. मग पांढरी भिंत आली. भिंतीपुढं पंचवीस वर्षांचा मी, गंजिफ्रॉकवर.

मृदुलानं माझ्याकडं बघितलं. मग पडद्याकडं. मग पुन्हा माझ्याकडं. पडद्यावरचा मी बोलायला लागलो. त्या पुण्याच्या, मराठी माणसांनी भरलेल्या सभागृहात शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

"मी हिंदुराव तुकाराम चौगुले. राहणार कोल्हापूर. ह्या जिन्यावरनं मी चुकून उतरलो न्हाई. बघून, समजून उतरलो. बाईमाणसाची वढ मला कधी वाटली न्हाई. तालमीत बी न्हाई, घरात बी न्हाई. ही समोर हुबी हाय, तिला कोण पुरुष म्हणू दे, कोण बाई म्हणू दे. माझा जीव हाय तिच्यावर. आजपतोर मला कुणी वळखून हात लावलेला न्हाई. ती लावंल. मारंना का. तिला मारू द्या."

सभागृहात कुणीतरी "मराठी!" असं पुटपुटलं. मागं खुर्च्या करकरल्या. माझ्या फुटक्या कानालाही तो आवाज आला असं वाटलं. मी उठलो. अंधारात दाराकडं जाणारी वाट मी शोधत होतो, तेवढ्यात मृदुलानं माझं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं, घट्ट.

"बसा काका," ती म्हणाली. "अजून संपलं नाही."

मी बसलो. पडद्यावर रान पुढं आली आणि तिनं हात उगारला. मृदुला शेवटच्या फटक्यापर्यंत पडद्याकडं बघत होती. तिनं एकदाही डोळे मिटले नाहीत आणि माझं मनगट सोडलं नाही.